पार्किंगच्या वादातून मारहाण झाली? भरपाईचा दिवाणी दावा असा लावा (कोल्हापूरकरांसाठी)

माझा दादा कोल्हापुरी चपला बनवतो. राजारामपुरीतल्या एका बोळात दुकानदाराला माल द्यायला गेला होता. मोपेड एका गेटच्या कडेला लावली आणि पोतं उतरवत होता, तेवढ्यात मागून चारचाकी आली. "गाडी काढ." "माल उतरतो अन् काढतो की, दोन मिनिटं." एवढ्यावरून त्या माणसाने दादाचा हात पिरगळला, ढकललं, आणि उजवा अंगठा गेटच्या लोखंडी कडीत अडकून हाड मोडलं. चामडं कापायची रापी अंगठ्याने दाबून धरावी लागते. अंगठा प्लास्टरमध्ये गेला की घरातली कमाई बंद.

पुढची सगळी धावपळ मी केली. मी वकील नाही, पण प्रत्येक तारखेला दादाबरोबर मीच असायचे. काय कुठे मिळतं, कशावर सही करायची नाही, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर निम्मे हेलपाटे वाचले असते. महाद्वार रोड असो, ताराबाई रोड असो की राजारामपुरी, गाडी लावण्यावरून रोज कुठेतरी जुंपते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढं पक्कं करा: पोलीस केस वेगळी, दावा वेगळा

आम्हाला वाटत होतं, फिर्याद दिली की दवाखान्याचा खर्चही तिथूनच मिळेल. तसं नसतं. फौजदारी खटला सरकार चालवतं आणि त्यात शिक्षेचा प्रश्न असतो. त्या कोर्टाला आरोपीकडून भरपाई देववता येते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९५), पण ती निकालाच्या वेळी, कोर्टाला वाटलं तर. दवाखाना, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास यांचा हिशेब मांडून हक्काने पैसे मागायचे असतील, तर दिवाणी कोर्टात आपण स्वतः दावा लावायचा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. फौजदारीत भरपाई मिळाली, तर दिवाणी कोर्ट ती रक्कम हिशेबात धरतं.

आणखी एक. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत कुणाची बाजू जास्त संभवनीय, हे पाहिलं जातं. त्यामुळे समोरचा तिकडे सुटला म्हणजे आपला दावा संपला, असं नाही.

१. दवाखान्यात "पडलो" म्हणू नका

सगळ्यात मोठी चूक आमच्याकडून इथेच झाली. दादा आधी कोपऱ्यावरच्या खाजगी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी काय झालं विचारल्यावर लाजेपोटी म्हणाला, "पडलो वो." चार माणसांत मार खाल्ला हे सांगायला त्याची जीभ रेटेना. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहिलं. पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी पहिला कागद काढला तो हाच.

मारहाण झाली असेल तर स्पष्ट सांगा: कुणी मारलं, कशाने मारलं, कुठे लागलं. शक्यतो सरळ सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जा. तिथे मेडिको-लीगल नोंद होते, तिचा एमएलसी नंबर लिहून घ्या. आम्ही त्याच रात्री उशिरा सीपीआरला जाऊन खरी हकीकत नोंदवली, म्हणून निभावलं. दोन दिवसांनी गेलो असतो तर अवघड होतं.

जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा आणि नंतरही दोन-तीन दिवसांच्या अंतराने काढत राहा, कारण काळं-निळं नंतर उमटतं. औषधांची बिलं नाव आणि तारखेसह छापील घ्या. मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून बिल घरी आलं की लगेच झेरॉक्स काढा. आमची तीन बिलं कोरी झाली होती, झेरॉक्स होती म्हणून वाचलो.

२. पोलीस ठाणं: एनसीवर थांबू नका

साधी दुखापत ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली अदखलपात्र असते, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून पहिल्या रात्री बहुतेक वेळा एनसीच, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात देतात. आमचंही तेच झालं, नोंद होती "मुका मार". दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसलं.

हाड किंवा दात मोडला, सांधा निखळला किंवा पंधरा दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत होते. ती केल्याबद्दल कलम ११७(२) लागतं, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. एक्स-रे आणि डॉक्टरांचा अहवाल लेखी अर्जासोबत ठाण्यात द्या आणि आपल्या प्रतीवर पोहोच, म्हणजे शिक्का, सही, तारीख घ्या. तोंडी सांगून आलात तर त्याचा कुठेच मागमूस राहत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

ठाण्यातला मोठा सापळा म्हणजे "आमची काही तक्रार नाही" असा जबाब. मध्यस्थी करणारे भले असतात, म्हणतात, "मिटवा की, शेजारधर्म हाय." मिटवायला हरकत नाही. पण कागदावर रक्कम, तारीख आणि ती कशी मिळणार, हे लिहिल्याशिवाय सही करू नका. तोच कागद दाव्यात तुमच्यासमोर धरला जातो.

आपली गाडी चुकीची लागली होती का? लागली असेल तर कबूल करा, लपवू नका. त्यावर उपाय वाहतूक पोलिसांना बोलावणं, गाडी उचलायला लावणं, दंड करायला लावणं हा आहे. त्यामुळे कुणाला हात उचलायचा अधिकार मिळत नाही. दादाने कोर्टात सरळ सांगितलं, "व्हय, गेटच्या कडंला लावलीती." त्यानंतर त्या मुद्द्यावर समोरच्यांना विचारायला काही उरलं नाही.

३. कॅमेऱ्याचं फुटेज: पहिल्या आठवड्यातच

दुकानं आणि अपार्टमेंटमधल्या यंत्रांत जुनं चित्रण आपोआप पुसून नवं चढतं. कुठे आठवड्यात, कुठे पंधरवड्यात, कुठे महिन्याने. म्हणून दुसऱ्याच दिवशी बोळातून चालत फिरा, कुठल्या कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते पाहा, आणि मालकाला "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा" असा लेखी अर्ज द्या. तसाच अर्ज पोलिसांनाही द्या.

टीव्हीच्या पडद्यासमोर मोबाइल धरून केलेलं रेकॉर्डिंग घरच्यांना दाखवायला ठीक, कोर्टात ते लंगडं पडतं. मूळ यंत्रातून पेनड्राइव्हवर प्रत घ्या. तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमधूनच निघणारा तिचा ओळखीचा आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) त्यात लिहावी लागते. नमुना वकिलांकडे मिळतो. कॅमेऱ्याच्या मालकाची सही लगेच घ्या, वर्षभराने तो दुकान बदलून गेलेला असतो.

बारीकशी गोष्ट, पण महत्त्वाची: यंत्रातलं घड्याळ खऱ्या वेळेशी जुळतं का? आमच्या फुटेजवर अकरा मिनिटं पुढची वेळ होती. ती तफावत पंचनाम्यात लिहून घेतली होती, म्हणून "हे दुसऱ्याच वेळचं चित्रण" हा आक्षेप टिकला नाही.

४. कमाई बुडाली हे कसं दाखवायचं

नोकरदाराला सोपं असतं. पगारपत्रक, रजेचा दाखला, झालं. हातावर पोट असणाऱ्यांचं काय? "माझे इतके हजार बुडाले" असं नुसतं तोंडी सांगून कोर्ट मान्य करत नाही.

आम्हाला उपयोगी पडली ती व्यापाऱ्याची लाल पुठ्ठ्याची लांबट वही. दर शनिवारी त्यात दादाच्या नावापुढे जोड आणि रक्कम लिहिलेली: नऊ जोड, दहा जोड, आठ जोड. घटनेनंतरच्या अकरा शनिवारी त्याच्या नावापुढे फक्त रेघ. मग तीन जोड, चार जोड, असं हळूहळू वर चढलेलं. हाताला पूर्वीचा जोर यायला किती दिवस गेले, ते त्या आकड्यांत दिसत होतं. आम्ही फक्त कोरे आठवडे मागायला निघालो होतो. वकीलबाईंनी वही उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "कमी जोडांचे आठवडेसुद्धा नुकसानच आहे, तेही लावा."

तुमच्याकडे वही नसेल तर फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, बँकेचं पासबुक, मागणीचे व्हॉट्सॲप मेसेज, माल पोहोचवल्याच्या चिठ्ठ्या, नियमित माल घेणाऱ्याचं पत्र, यातलं जे असेल ते जमवा. पत्र देणारा माणूस कोर्टात साक्षीला येईल का, हे आधीच विचारून घ्या. आयकर विवरणपत्र भरत असाल, तर त्यातल्या उत्पन्नापेक्षा जास्त कमाई दाव्यात दाखवू नका, उलटतपासणीत अंगाशी येईल.

हाताला किंवा पायाला कायमची उणीव राहिली असेल, तर अपंगत्वाचा दाखला काढा. पुढच्या कमाईचं नुकसान त्याच्या आधारावर मागता येतं.

५. वकील, नोटीस, मुदत

दिवाणी दावे नेहमी चालवणारा वकील पाहा. फी एकरकमी आहे की तारखेप्रमाणे, टायपिंग, नकला, भत्ता यांचा खर्च वेगळा आहे का, हे पहिल्याच भेटीत कागदावर घ्या.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कमी उत्पन्न असलेले यांना तिथून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

खाजगी माणसावर दावा लावण्याआधी नोटीस देण्याची सक्ती नाही. ती सक्ती सरकारवर, किंवा सरकारी नोकराने नोकरीच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल दावा असेल तर आहे (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ८०, दोन महिने). तरीही वकिलामार्फत एक नोटीस पाठवावी असं माझं मत आहे. पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा. समोरचा काय बचाव घेणार, हे त्याच्या उत्तरातून कळतं. आमच्या नोटिशीच्या उत्तरात त्याने "किरकोळ धक्काबुक्की झाली" असं लिहून दिलं. तो तिथे होता आणि हात लावला, हे त्याच्याच तोंडून आलं.

मुदतीचं नीट ऐका. मारहाणीच्या भरपाईसाठी मुदत कायदा १९६३ मधलं सर्वसाधारण कलम ११३ धरतात, त्यात तीन वर्षं मिळतात. पण त्याच दाव्यात बदनामी, बेकायदा अडकवून ठेवणं किंवा खोटी फिर्याद यांची भरपाईही मागायची असेल, तर त्यांना एकच वर्ष आहे. म्हणून वर्षाच्या आत दावा दाखल करा. फौजदारी निकालाची वाट पाहत बसू नका.

६. कोर्ट कुठलं, आणि कुठे जायचं

मारहाण जिथे झाली तिथल्या किंवा समोरचा जिथे राहतो तिथल्या, दोन्हीपैकी कुठल्याही कोर्टात दावा लावता येतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १९). मारहाण कोल्हापुरात आणि मारणारा जयसिंगपूरचा असेल, तर निवड तुमची. आपल्या घराजवळचं घ्या, साक्षीदारही तिथलेच असतात. रकमेप्रमाणे दावा कनिष्ठ स्तर किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जातो.

जुन्या सवयीने माणसं अजून सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात जातात. तिथे आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट २०२५ पासून. आपलं जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला. समन्स किंवा नोटीस हातात आली की वरचा पत्ता वाचून मगच रिक्षात बसा.

७. वादपत्र आणि रकमेचा हिशेब

वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ अर्ज, वकील लिहितात, पण माहिती आपण द्यायची असते. घटना तारीख-वेळेसह, सरळ क्रमाने, स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहून न्या. फुगवून लिहू नका. एफआयआरमध्ये एक आणि वादपत्रात दुसरं असं झालं की सगळ्यावरचाच विश्वास उडतो. वॉचमन किंवा ड्रायव्हरने कामावर असताना मारलं असेल, तर त्याच्या मालकालाही प्रतिवादी करायचं का, हे इथेच विचारा.

सोबत लागणारे कागद:

- आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, सही केलेलं वकीलपत्र
- एनसी, एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, आणि दाखल झालं असल्यास दोषारोपपत्राची नक्कल
- एमएलसीची नोंद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे सगळे कागद ("पडलो" लिहिलेलासुद्धा, तो आपणच दाखल करून खुलासा केलेला बरा)
- औषधं, प्रवास, सोबत थांबलेल्या माणसाचा खर्च यांची बिलं
- कमाईचे कागद
- गाडी मोडली असेल तर दुरुस्तीचं बिल आणि दुरुस्तीआधीचे फोटो
- फुटेज आणि प्रमाणपत्र
- नोटीस, पोहोच, उत्तर

हे यादीसोबत दाव्याबरोबरच दाखल करा. मागून कागद आणायला कोर्टाची परवानगी लागते. विम्यासाठी मूळ बिलं दिली असतील तर कंपनीकडून शिक्का मारलेल्या प्रती घ्या.

रक्कम ठरवताना आपला हात आखडता नसतो, पण कोर्ट फी रकमेवर बसते. शारीरिक-मानसिक त्रासाचे मोठे आकडे टाकले की फी तेवढी वाढते, आणि पुरावा नसेल तर ती रक्कम मिळतही नाही. आम्ही दवाखाना आणि कमाई पैशापैशाने दाखवली, आणि त्रासापोटी एक माफक रक्कम मागितली. हिंसेसंबंधीच्या प्रकरणांत महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. आमचा वादी दादा, त्यामुळे आम्हाला ती सवलत नव्हती. मार खाणारी स्त्री असेल तर वकिलांना याची आठवण करून द्या.

८. समन्सपासून मुद्द्यांपर्यंत

दावा नोंदला की नंबर पडतो. सोळा अक्षरी सीएनआर नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. समन्स बेलिफ घेऊन जातो. पत्ता चुकला की समन्स परत येतं आणि दोन-दोन महिने जातात. घर नंबर, गल्ली, जवळची खूण, सगळं द्या. आमचं पहिलं समन्स "दार बंद" शेऱ्याने परत आलं होतं.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. प्रत्यक्षात दंड लावून त्यानंतरही कैफियत घेतली जाते, तेव्हा एकदम निराश होऊ नका. मग मुद्दे निघतात. त्या दिवशी काय काय सिद्ध करायचं आहे ते मराठीत नीट समजावून घ्या, कारण पुढची साक्ष त्याच मुद्द्यांवर चालते.

दरम्यान समोरचा घर-जमीन विकून मोकळा होतोय असं दिसलं, तर निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो. त्याला ठोस आधार लागतो, ऐकीव गोष्ट चालत नाही.

९. साक्ष आणि उलटतपासणी

सरतपासणी, म्हणजे आपली स्वतःची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते, उलटतपासणी मात्र पिंजऱ्यात उभं राहून. आदल्या रात्री मी दादाला प्रतिज्ञापत्र दोनदा वाचून दाखवलं. तरी पहिल्या दहा मिनिटांत तो घामाघूम झाला. "तुम्ही डॉक्टरांना पडलो म्हणून सांगितलं होतं, हे खरं आहे का?" दादा गप्प. मग म्हणाला, "व्हय, सांगितलं. लाज वाटली सायेब." त्याच रात्रीची सीपीआरची नोंद होती, म्हणून त्या उत्तराला आधार मिळाला.

प्रश्न पूर्ण ऐकायचा. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचं. वेळ, अंतर यांचे आकडे अंदाजाने ठोकायचे नाहीत. आपल्या वकिलाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आणि या काळात मारणाऱ्याचं नाव घालून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवायचं नाही. घरातल्या पोरांनाही बजावून सांगा, उलट बदनामीची फिर्याद येते.

१०. तडजोड

साक्ष झाल्यावर आमचं प्रकरण मध्यस्थीकडे गेलं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत त्या माणसाने दादाचा अंगठा पहिल्यांदा नीट पाहिला. दादाने तो वाकवून दाखवला, पूर्ण मिटत नव्हता. त्यानंतर घासाघीस थांबली. मागितलेलं सगळं मिळालं नाही, पण दवाखाना आणि बुडालेली मजुरी पूर्ण निघाली. पुढे लोकअदालतीत निवाडा करून घेतला.

लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. फी परताव्याचा आदेश त्याच वेळी मागून घ्या. अपील नसल्यामुळे सहीआधी प्रत्येक ओळ वाचा: रक्कम, हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर व्याज किती, फौजदारी केसबद्दल काय ठरलं.

११. पैसे हातात येईपर्यंत

तडजोड न होता निकाल लागला, तरी पैसे आपोआप येत नाहीत. समोरच्याने भरले नाहीत तर दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल करावी लागते, मग बँक खातं, गाडी, जागा यांवर जप्ती आणता येते. बारा वर्षांची मुदत असते, पण लवकर करा. त्याची मालमत्ता कुठे काय आहे, याची टिपणं दावा चालू असतानाच करून ठेवा.

धनादेश घेत असाल तर तो वटला नाही, असं बँकेचं पत्र आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर कलम १३८ ची (न वटलेल्या धनादेशाची) केस करता येते. आम्ही दोन धनादेश घेतले होते. दुसरा खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत फौजदारी प्रकरणातल्या तडजोडीच्या अर्जावर दादाने सही केली नाही. निवाड्याच्या दोन प्रमाणित नकला काढल्या: एक बँकेच्या पासबुकात आहे, दुसरी व्यापाऱ्याच्या त्या लाल वहीत.